आकाइतीच्या हातचं पीएरे

माउके बेटावर कुणाचा हात कशाला चांगला, हे पोराटोरांनाही पाठ असतं. नूरोआ बसते पोस्टात, पण तिने शिवलेल्या गोधड्या बघायला शेजारच्या बेटावरून बायका येतात. डुक्कर भाजावं तर पाद्रीबुवांच्या मेहुण्याने. आणि पीएरे करावं तर आकाइतीने. केळी सगळ्यांच्याच परसात असतात, ऊन सगळ्यांच्याच छपरावर पडतं, तरी वाळवलेल्या केळ्यांचं पुडकं दुसरीकडे चामड्यासारखं होतं आणि आकाइतीकडे गुळाच्या पाकासारखं. एवढं कौतुक वाट्याला आलेली बाई सुखात असेल असं कुणालाही वाटेल. पण चांगल्या हाताची एक खोड असते. तो एकदा चारचौघांच्या लक्षात आला की कुणी त्याला सोडत नाही.

आकाइतीचं अंगावरचं दूध सुटलं आणि तिला आजीकडे दिलं. यात कुणी कुणावर अन्याय केला असं नाही, रीतच आहे इथली. घरात एकटं म्हातारं माणूस उरलं की एखादं नातवंड त्याला पोसायला द्यायचं. पोसणारा तोच आईबाप, आणि पुढे त्याचं म्हातारपण काढायचं ते त्या पोराने. पुढे आईवडील थोरल्या तेउइराला घेऊन बोटीने ऑकलंडला गेले, बाकीची भावंडं तिकडेच जन्मली. आकाइती मागे राहिली. आजीला सोडून कशी जाणार, असं सगळे म्हणाले. मग आजी गेली, तिला घरासमोर अंगणातच पुरलं, दर शनिवारी आकाइती कबर झाडू लागली, आणि सगळे म्हणाले, आता कबर आणि घर सोडून कशी जाणार. मधल्या काळात आकाइतीचा नवरा कारखान्यात थोडे पैसे कमावून येतो म्हणून ऑकलंडला गेला आणि तिकडे दुसरी चूल मांडून बसला. मुलगी मेतुआ शाळा संपवून मामाकडे गेली. तिला अडवायचं आकाइतीच्या मनातही आलं नाही.

घर रिकामं ठेवायचं नाही यामागचं कारण सगळ्या घराण्याला ठाऊक होतं. रिकाम्या घरात चुलत शाखा येऊन बसते, आणि मग जमीन सोडवायला कोर्टात जन्म जातो. पण हे तोंडाने कुणी बोलत नसे. बोलायचे ते पीएरेबद्दल.

आकाइती पीएरे आजीच्या पद्धतीने करायची. घड झाडावर भरला की उतरवायचा, घरात पिकवायचा, साल काळी पडेपर्यंत कुणी हात लावायचा नाही. मग केळी सोलून काठ्यांच्या ताट्यांवर उन्हात मांडायची, दिवसातून दोनदा उलटायची, ढग दिसला की ताट्या पळत पळत आत घ्यायच्या. केळी तपकिरी होतात, सुरकुततात, निम्म्याच्या निम्मी होतात. मग एकावर एक दाबून केळीच्याच वाळक्या पानांत गुंडाळायची आणि झाडाच्या सालीच्या दोराने आवळायची. दोराचं एक टोक पायाच्या अंगठ्यात, दुसरं मुठीत, आणि या टोकापासून त्या टोकापर्यंत वेढ्याला वेढा लावत जायचं, मध्ये फट नाही. असं पुडकं वर्षभर टिकतं. फक्त आवळण्याआधी एक परीक्षा असते. सकाळी केळं हाताच्या अंगठ्याने दाबायचं, अंगठा कोरडा निघाला तर बांधायचं. आजी म्हणायची, ओलं बांधलंस तर घरात मढं बांधून ठेवल्यासारखं आहे.

मेतुआला दिवस गेले त्या वर्षी नाताळात तेउइरा बायकोला आणि धाकट्या भावंडांना घेऊन बेटावर आला. मेतुआ त्याच्याच घरी मागच्या खोलीत राहत होती, नवऱ्याची फिरतीची नोकरी होती, आणि फोनवर ती रडून सांगत होती, आई, तू ये. ऑकलंडला जायचं तर तेउइराच्या घरी उतरायचं, तेउइराच्या तिकिटावर, आणि घराण्याने हो म्हटल्यावर. म्हणून आकाइतीने सगळ्यांना ओसरीवर बसवलं, भाजलेले तारोचे कंद आणि मासळी पोटभर वाढली, आणि मग विषय काढला. बाळंतपणापुरती येते, म्हणाली.

तेउइराने हात पुसले. "ये की, नको कोण म्हणतंय? पण तूच सांग, तू आलीस तर पीएरे कोण करणार? अगं, त्याच्याशिवाय आमच्याकडे सण होत नाही. पोरं दारात उभी राहून विचारतात, आत्याचं पीएरे आलं का म्हणून."

"पहिलटकरीण आहे रे ती, दादा."

"बाळंतपणाला तिकडे डॉक्टर आहेत, नर्सा आहेत. इकडे तू एकच आहेस."

बाकीच्यांनी माना डोलावल्या. त्याच्या बायकोने तर आकाइतीचे हात हातात घेऊन डोळे पुसले. माणसाला हरभऱ्याच्या झाडावर चढवून ठेवलं की ते खाली कसं उतरणार? आकाइती हसली आणि भांडी घासायला गेली. भांडी घासताना तिच्या मनात आलं की हे हात बिघडले पाहिजेत.

पुढच्या घडाच्या वेळी तिने ते केलं. सकाळी उठून केळी दाबली, अंगठा चिकट, ओला निघाला. अजून दोन-तीन उन्हं हवी होती. तिने पानं पसरली आणि बांधायला बसली. पहिल्या पुडक्याला हात चालेना. आजीची कबर दहा पावलांवर होती, आणि तिला खरंच वाटलं की आजी उठून कानशिलात देईल. पण एक झाल्यावर दुसरं जमलं, तिसरं जमलं. बाहेरून सगळी नेहमीसारखीच दिसत होती, गुळगुळीत, घट्ट, वेढ्याला वेढा लागलेली. आत काय होणार हे तिला माहीत होतं. ऑकलंडला पुडकं फोडतील, आत काळी-हिरवी बुरशी निघेल, तेउइराची बायको नाक मुरडेल, सगळ्या घराण्यात होईल की आकाइतीचा हात गेला. ती बदनामी आकाइतीला हवी होती. आयुष्यात पहिल्यांदाच तिला काहीतरी वाईट करण्याची घाई झाली होती.

एक पुडकं तिने चुलीच्या छपरीत आढ्याला टांगून ठेवलं. बाकीची विमानाने जाणाऱ्या एका ओळखीच्या माणसाबरोबर धाडली.

काही आठवड्यांनी पोस्टात बोलावणं आलं, तेउइराचा फोन येणार होता. पोस्टात एकच फोन, त्यामुळे तिथे कुणाचं खासगी काही नसतंच. नूरोआ शिक्के मारता मारता म्हणाली, "बोल गं निवांत, मी ऐकत नाहीये," आणि खुर्ची जवळ ओढली. तिकिटं घ्यायला आलेल्या दोघी बायकाही भिंतीला टेकून उभ्या राहिल्या. आकाइतीने फोन कानाला लावला. 

तेउइरा खुशीत होता. या वेळचं पीएरे म्हणजे कमाल झाली, म्हणाला. तोंडात विरघळलं, पोरांनी एका दिवसात फस्त केलं, आजीच्या हातची आठवण झाली. त्याचा आवाज इतका मोठा होता की नूरोआने हसून बायकांकडे बघितलं, आणि त्याही आकाइतीकडे कौतुकाने बघायला लागल्या.

आकाइती घरी कशी आली तिलाच कळलं नाही. वाटेत तिला वाटलं, आपला हात इतका चांगला असेल का, की मुद्दाम बिघडवलं तरी बिघडत नाही? देवाने, नाहीतर आजीने सांभाळून घेतलं असेल का? तिने छपरीतलं पुडकं खाली काढलं आणि सुरीने मधोमध कापलं. आत लवच लव, काळी आणि शेवाळी, आणि असा आंबट भपकारा की तिने तोंड फिरवलं. ते तिने डुकरापुढे टाकलं. डुक्कर ते हुंगून पलीकडे जाऊन पडलं. आकाइतीला आधी हसू आलं. मग ती तिथेच मातीत बसली आणि बराच वेळ उठली नाही.

दुसऱ्या दिवशी ती आपणहून पोस्टात गेली आणि नूरोआला म्हणाली, ऑकलंड लावून दे.

"दादा, खरं सांग," ती म्हणाली. "पुडकं फोडलंस का?"

"अगं, काल सांगितलं ना, पोरांनी..."

"आत बुरशी होती. मी मुद्दाम ओलं बांधलं होतं."

 नूरोआचा शिक्का वरच थांबला.

"पोरं खात नाहीत गं ते," तेउइरा म्हणाला. त्याचा आवाज आता लहान झाला होता. "दाताला चिकटतं म्हणतात. माझे दात तर राहिलेच नाहीत."

"मग मागच्या वर्षीची?"

"आहेत. सगळीच आहेत. आईच्या फोटोखाली फळीवर रचून ठेवलीत. टाकवत नाहीत. संध्याकाळी कामावरून आलो, त्यांच्याकडे बघितलं, की बरं वाटतं. घर आहे आपलं तिकडे. तू आहेस."

आकाइतीने डोळे मिटले. राग यायला हवा होता, पण आधी त्याची दयाच आली, आणि मग त्या दयेचाच राग आला.

"म्हणजे मलाही फळीवरच ठेवलंयस," ती म्हणाली.

"असं तोडून काय बोलतेस? घराला कुलूप लागलं तर काय होतं, तुला सांगायला हवं का?"

"नको. पण मग तेच सांगायचं होतंस. केळ्यांचं नाव कशाला पुढे केलंस?"

 झाकली मूठ उघडी पडली होती. पण तेउइरा काही वाईट माणूस नव्हता, आणि बहीण दुखावली हे त्याला कळलं. म्हणून त्याने त्याच्याकडे होतं नव्हतं ते सगळ्यात मोठं देऊ केलं.

"ऐक," तो म्हणाला. "मेतुआचं पोर तुझ्याकडे देऊ. अंगावरचं दूध सुटलं की आणून सोडतो मी स्वतः. आजीने तुला पोसलं, तसं तू त्याला पोस. तुलाही सोबत होईल. मी बोलतो मेतुआशी, मामाचा शब्द मोडायची नाही ती."

नूरोआचे डोळे भरून आले. तिने मानेनेच खूण केली, हो म्हण. खोटं कशाला सांगा, आकाइतीला इतका आनंद झाला की तिने फोन दोन्ही हातांनी धरला. पोर हातात येणार. रात्री कुशीत कुणीतरी असणार. हो हा शब्द तिच्या जिभेवर आला होता. आणि त्याच वेळी तिला दिसलं की ते पोर अंगणात ताट्या उलटतंय, ढगाकडे बघून पळतंय, मोठं होतंय, आणि एक दिवस आपली कबर झाडतंय. मग सगळे त्याला म्हणतायत, कबर सोडून कसा जाणार.

"नको," ती म्हणाली.

"अगं, विचार तरी..."

"नको, दादा. हे घर सांभाळायला मी आहे तोवर आहे. तिच्या पोराला इथे कुणी आवळून ठेवायचं नाही. मेतुआला सांग, आईने नको म्हटलंय. माझ्याच तोंडचं सांग."

तेउइरा म्हणाला, पुढच्या वर्षी तुझ्या येण्याचं बघू. हे ती बऱ्याच वर्षांपासून ऐकत होती. तिने बरं म्हटलं आणि फोन ठेवला. नूरोआ म्हणाली की तिने काही ऐकलेलं नाही, आणि संध्याकाळपर्यंत चर्चच्या दोन्ही बाजूंच्या वस्त्यांत सगळं कळलं होतं.

घराच्या वळणावर आली तर समुद्राकडून ढग चढत होता आणि अंगणात नव्या घडाच्या ताट्या मांडलेल्या होत्या. भिजू देत, असं तिने ठरवलं. दोन पावलं चालली. तिसऱ्या पावलाला पाय पळायलाच लागले. तिने सगळ्या ताट्या आत घेतल्या आणि धापा टाकत उंबऱ्यावर बसली. स्वतःचा इतका संताप तिला कधी आला नव्हता.

तो घड तिने पुरता वाळवला. अंगठा कोरडा निघाला तेव्हाच बांधला, आणि इतका घट्ट की दोराने तिच्या मुठीवर वळ उठले. असं पीएरे तिच्या हातून आजवर झालं नव्हतं. तोवर मेतुआला मुलगी झाल्याचं कळलं होतं. सामान धाडायचं त्या सकाळी तिने आजीची सुरी घासून धार लावली, पुडकी ओळीने मांडली, आणि एकेक मधोमध कापलं.

पोस्टात नूरोआने पेटीत बघितलं आणि कपाळावर हात मारला. "अगं, कापलेलं कसं धाडतेस? वारं लागलं की संपलं. चार दिवसांत मुंग्या धरतील."

"माहीत आहे," आकाइती म्हणाली. "खातील नाहीतर टाकतील. ठेवता मात्र येणार नाही."

पेटीला दोरी तिने स्वतःच बांधली. मग घरी गेली, आणि शनिवार होता म्हणून कबर झाडली.