दोन रिंगा आणि धुळ्याचे डॉक्टर

पारोळ्याच्या बाजारात माझं मोबाईलचं दुकान आहे. न्हाव्याला गावातली डोकी ठाऊक, मला गावातले फोन. कोणाचा दुसरा फोन कडब्यात असतो, कोण बायकोसमोर 'बँकेचा मेसेज' म्हणत गालात हसतो, मला सगळं माहीत. पण झाकली मूठ सव्वा लाखाची. इतक्या वर्षांत माझ्या तोंडून कोणाचं काही बाहेर पडलं नाही, आणि त्याचा मला गर्व होता. उगाच नम्रपणा कशाला दाखवू? आज एकाचं सांगतो. त्याचं गाव सांगत नाही, नावंही बदलली आहेत, तेव्हा शोधत बसू नका.

झुलाल आबा पहिल्यांदा दुकानात आले ते साधारण दोन हजार दहा साली. वय पंचावन्न, धोतर पांढरंशुभ्र, कपाशीचं शेत चांगलं. बायको यशोदाबाई जाऊन चार वर्षं झाली होती. काउंटरवरची गिऱ्हाइकं निघून जाईपर्यंत ते उगाच फोनची कव्हरं चाळत राहिले. मग वाकून म्हणाले, "नवलभाऊ, माले असा फोन दे, घरमा कोन्ले समजाले नको."

मी ओळखलं. अशी गिऱ्हाइकं महिन्याला चार-दोन यायचीच. त्यांना मुठीत मावणारा, बटणांचा, घंटी एकदम बारीक होणारा फोन दिला. काय दिवस होते ते! आठवडाभर बॅटरी उतरायची नाही, फोन हौदात पडला तर उन्हात वाळवायचा की झालं. आणि सगळ्यात मोठी चैन म्हणजे मिस कॉल. अख्खा खानदेश फुकटात बोलत होता. एक रिंग म्हणजे पोचलो, दोन रिंगा म्हणजे दूधवाला आला. आताच्या पोरांना तासभर व्हिडिओवर बोलूनही एकमेकांचं काही कळत नाही.

आबांचं हळूहळू कळत गेलं. धुळ्यात मोहिनी नावाची बाई होती, पैसे घेऊन भेटणारी. कापूस विकायला गेलेल्या कोणा सोबत्याने नंबर दिला होता. महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी आबा 'साखर तपासायला' धुळ्याला जात. फोनमध्ये तिचं नाव 'डॉक्टर धुळे'. सकाळी तिच्याकडून दोन रिंगा आल्या म्हणजे 'ये, घर मोकळं आहे'. आबांनी उलट एक रिंग द्यायची, म्हणजे निघालो. दोघांनीही फोन कधी उचलायचा नाही, हा नियम.

मी एकदा चेष्टा केली, "आबा, डॉक्टर औषध काय देतात?"

वाटलं, चिडतील. पण ते स्टुलावर बसले आणि म्हणाले, "तू हसशी. ती माले काय इचारस, माहीत शे? जेवना का, म्हने. यशोदा गयी तवापासून माले कोनीच इचारं नही."

त्यानंतर मी कधी चेष्टा केली नाही. माझी मलाच लाज वाटली.

वर्षं सरली. पुढे पुढे ते तिच्याकडे फक्त जेवायला आणि दुपारी घटकाभर पडायला जात असावेत. पिशवीत भरताची वांगी, ओल्या तुरीच्या शेंगा असत. एसटीला वेळ असला की माझ्याकडे टेकत. स्वारी दाढी करून, अत्तराचा बोळा कानात घालून आलेली असायची. नवरदेव बरा!

तीन वर्षांपूर्वी तो बटणांचा फोन मेला. मी उघडून पाहिला, आत काही उरलं नव्हतं. आबांना आता मोठा फोन हवा होता, कारण मोहिनीने घेतला होता. खरेदीला त्यांनी दोन दुपारी लावल्या. किंमत विचारली नाही, कॅमेरा विचारला नाही. प्रत्येक फोनवरून माझ्या फोनला रिंग द्यायची आणि एकच वाजली की कापायची, जमतं का ते बघायचं. वापरलेला एक आयफोन होता, तो दाखवला. म्हटलं, "आबा, हा पोटातलं कोणाला दाखवत नाही. तुमचं तोंड पाहिलं तरच उघडतो."

"अन् मी झोपेल ऱ्हासू, कोनी मना तोंडपुढे धरा तं?"

मी आयफोन परत कपाटात ठेवला. शेवटी अँड्रॉइड घेतला. बोटांचे ठसे नांगर धरून झिजलेले, म्हणून कुलूप आकड्यांचं लावलं. ते झालं आणि मी माती खाल्ली. फोन चालू करायला ईमेल लागतो. आमच्याकडे कोण म्हातारा ईमेल बाळगतो? तो दुकानदारच काढतो, आणि घरात एक असला तर सगळ्यांना तोच चिकटवतो. आबांची सून दिपमाला हिचं खातं मी लॉकडाऊनमध्ये पोरांच्या शाळेसाठी काढलं होतं, पासवर्ड माझ्या वहीत होता. तेच आबांच्या फोनला लावलं. दोन मिनिटं वाचली म्हणून खूश झालो.

महिन्याभराने दिपमाला एकटीच दुकानात आली. आपला फोन काउंटरवर ठेवला. "नवलभाऊ, हे माझ्या फोनमध्ये आपोआप येतात."

चष्मा लावलेली पन्नाशीची बाई तुरीच्या शेंगा सोलतेय. तीच बाई हसतेय. पाटावर ताट वाढलंय. आबांनी काढलेले, अर्धेअधिक हललेले फोटो, खातं एकच म्हणून तिच्या फोनमध्ये उतरलेले. मी फोन चटकन पालथा घातला. तिचा नवरा हितेंद्र तापट, भाऊबंदकीत मान असलेला. त्याला कळलं असतं तर म्हाताऱ्याचं जिणं हराम झालं असतं, आणि ते केलं कोणी? गुपितं पोटात ठेवणाऱ्या नवलशेठनी.

"यांना दाखवले नाहीत मी," दिपमाला म्हणाली. "माझ्याकडे येणं बंद करा. आणि मला दिसले हे आबांना कळू देऊ नका."

मी खातं वेगळं केलं. तिने दुसरं काही विचारलं नाही. त्यानंतर मात्र आबांच्या पिशवीत बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, डबा दिसू लागला. "सून म्हनस, डॉक्टरले द्या," आबा नवलाने सांगायचे. मी मान डोलवायचो. दोघांची गुपितं एकाच पोटात ठेवणं सोपं नसतं हो.

यंदा कापूस वेचणीच्या आधी आबा गेले. शेतातच, बांधावर बसल्या बसल्या. मी खांदा दिला. सगळ्या गर्दीत मला एकच सुचत होतं की धुळ्याला कोण सांगणार?

चौदाव्या दिवशी दिपमाला आली. दुसरा बुधवार होता. हातात आबांचा फोन. "सकाळपासून चारदा वाजला. दोन रिंगा, की बंद. कुलपाचे आकडे मला ठाऊक होते, मी उलट लावला तर उचलत नाहीत. याचा अर्थ काय, नवलभाऊ?"

मी विषय टाळायला काउंटर पुसू लागलो. जन्मभराची सवय. तेवढ्यात फोन तिच्या हातात वाजला. दोन रिंगा. आता मला बोलल्याशिवाय राहवलं नाही. सगळं सांगितलं. धुळ्याच्या स्टँडमागच्या पिठाच्या गिरणीवरचा मजला, हा तिचा पत्ताही.

"एक रिंग देऊ का?" तिने विचारलं.

"नको," मी म्हटलं. "आबा निघाले समजून ती तवा ठेवेल."

दिपमालाने पदराने डोळे पुसले. घरी फोन लावून म्हणाली, "धुळ्याला जाऊन येते. साखर तपासायचीय." आणि तशीच स्टँडकडे गेली. मी दुकान उघडं टाकून तिच्यामागे पाण्याची बाटली घेऊन धावलो.

दुसऱ्या दिवशी येऊन तिने एवढंच सांगितलं, "दारात मला बघून त्या म्हणाल्या, बिबड्या तूच करतेस ना? मग काही सांगावं लागलं नाही." मग आपला फोन पुढे केला. "त्यांचा नंबर यात टाका. खरं नाव भागाबाई आहे."

"भागाबाई टाकू?"

तिने जरा विचार केला. "नको. आबांनी ठेवलं होतं तेच."

या महिन्याच्या दुसऱ्या बुधवारी दिपमाला दुकानात चार्जर घ्यायला आली होती. पिशवीत डबा होता. तिचा फोन वाजला, दोन रिंगा, आणि थांबला. तिने 'डॉक्टर धुळे'ला एक रिंग दिली आणि एसटी गाठायला निघाली.