काचेपलीकडची आई

माझ्या धाकट्या बहिणीचे दिवस भरत आले होते, म्हणून आई बंगळुरूला निघाली. विमानात ती पहिल्यांदाच बसणार होती. आठवडाभर चिंचपोकळीच्या आमच्या दोन खोल्यांत तळलेल्या डिंकाचा आणि मेथीचा वास भरून राहिला होता. मी कामावरून घरी यायचे तेव्हा जिन्यातच तो वास भेटायचा आणि घरात कुणीतरी बाळंतीण निजली आहे असं उगाच वाटायचं.

आईनं परळच्या एका इस्पितळात, बाळंतिणींच्या वॉर्डात, आयुष्यभर आयाचं काम केलं. त्यामुळे या प्रवासाची तयारी तिच्या हातालाच पाठ होती. बॅगेत लाडवांचा मोठा डबा, जुन्या साड्यांची गोधडी, टोपडी, लंगोट आणि सगळ्यांच्या तळाशी तांब्याचं घंगाळं.

"आई, पंधराच किलो चालतं. वर गेलं की पैसे घेतात," मी म्हटलं.

"एवढ्याशा बॅगेनं विमान वाकणार आहे काय?"

विमानतळाच्या दारात तिकीट नसलेल्यांना अडवतात. तिनं शिपायाला कागद दाखवले, ट्रॉली ढकलत आत गेली आणि मी बाहेर काचेशी उभी राहिले. सकाळचं ऊन होतं. काचेत आभाळ उतरलं होतं, माझ्या मागच्या टॅक्स्याही. आई त्या आभाळातून चालत होती आणि टॅक्स्या तिच्या अंगावरून पाण्यासारख्या सरकत होत्या. आतला एकही आवाज बाहेर येत नव्हता.

थोड्या वेळानं फोन वाजला.

"एकवीस भरली म्हणते ही मुलगी. आणि वरच्या सहा किलोचे किती सांगते, ठाऊक आहे? तेवढ्यात माझं परतीचं तिकीट येईल!"

"भरून टाक. मी पाठवते."

"अगो, पण तिकिटाचे घेतले ना एकदा? मी स्वतः जेमतेम पंचेचाळीस किलोची. माझ्या मागे उभा आहे तो शंभराचा असेल. त्याला कुणी काट्यावर चढवत नाही!"

"मग घंगाळं काढून ठेव."

"तुम्ही दोघी त्यातल्या पाण्यानं न्हालात. बाळाला काय प्लॅस्टिकच्या बादलीतून न्हाऊ घालू?" फोन बंद झाला.

आत जाता येत नव्हतं आणि काचेवर थाप मारून उपयोग नव्हता. आईनं बॅग रांगेबाहेर ओढली आणि त्या चकचकीत फरशीवर, आपल्याच घरात बसावी तशी, मांडी घालून बसली. कुलूप उघडलं. लोक वळसा घालून जात होते. तिनं नेसत्या लुगड्यावर बॅगेतली एक साडी गुंडाळली, मग दुसरी. खांद्यावर गोधडी घेतली. लहान चणीची माझी आई बघता बघता गोल, रंगीत होत गेली. मग तिनं डबा उघडला.

रांगेतल्या एका म्हाताऱ्याला लाडू दिला. शंभर किलोवाल्याला दोन. कडेवरच्या पोरीला एक, तिच्या आईला एक. सगळे तिथेच उभ्यानं खाऊ लागले, आणि त्यांच्या तोंडातला तो कडवट-गोड घास मला काचेबाहेर लागला. नंतर ती काउंटरपाशी गेली. मघाशी नियम सांगणारी मुलगी मान हलवत नको म्हणत होती. आई काहीतरी बोलली. मुलीचे ओठ जेमतेम हलले. आईनं काउंटरवरून हात लांबवून तिच्या गालाला लावला आणि उरलेला डबाच पुढे सरकवला. मुलीनं दोन्ही हातांनी डोळे पुसले. मला काहीच कळेना.

बॅग पट्ट्यावरून निघून गेली. आईही गर्दीत दिसेनाशी झाली. मी तरी बराच वेळ तिथेच उभी होते.

दुपारी बंगळुरूहून तिचा फोन आला.

"त्या मुलीला काय म्हणालीस?"

"पाचवा लागलाय तिला. चालण्यावरून ओळखलं मी. विचारलं, आई काय काय करून घालते? तर म्हणाली, आई नाही."

"मग तिनं बॅग तशीच सोडली?"

"छे! डबा काढल्यावर पुन्हा काट्यावर ठेवायला लावली. पंधराच्या आत भरली, तेव्हा कुठे घेतली. नियमाची पक्की आहे हो."

"आणि तुझ्या लेकीला काय लाडू देणार आता?"

"इथे काय डिंक मिळत नाही?" आई म्हणाली. मागून बहिणीचं हसू ऐकू आलं, अंगावरच्या साड्या ती मोजत होती. "ठेव आता. आधी ह्या सगळ्या सोडते. जाम उकडतंय."