सोबतीचं रक्त

लॅबमध्ये नळ्या रोज रिकाम्या होतात, किस्से मात्र साठत जातात. रोह्याच्या आमच्या शाखेतले निम्मे हसण्यासारखे आहेत. हा उरलेल्या निम्म्यातला. मध्येच हसू आलं तर हसून घ्या, आम्हीही हसलो होतो.

*

हिराबाई रोह्याच्या बाजारात मासळी विकायची. तिच्या सहा वर्षांच्या साहिलला सारखा न्यूमोनिया व्हायचा. रक्तात अँटिबॉडीज जवळजवळ नव्हत्याच. मुंबईच्या डॉक्टरांना एकच कळायला हवं होतं, पांढऱ्या पेशी तरी नीट काम करतात का? करत असतील तर दर महिन्याला बाहेरून अँटिबॉडीज देऊन पोरगा जगेल. नसतील तर दुसऱ्या कुणाचा बोन मॅरो शोधायचा.

मी तिला समजावलं, "पेशी मुंबईच्या लॅबला जिवंत पोचल्या पाहिजेत. तिथे त्यांना डिवचून बघतात, कामाला लागतात का ते."

"म्हंजे बापासारक्या त्या पन शिफ्टला चालल्या!" ती म्हणाली. तिचा नवरा धाटावला कंपनीत कंत्राटावर होता.

*

या टेस्टला पेशंटबरोबर एका निरोगी माणसाचंही रक्त पाठवावं लागतं, नात्यात नसलेल्या. दोन्ही नळ्या एकत्र प्रवास करतात. सोबतीच्या पेशी धडधाकट पोचल्या, तर वाटेत काही बिघडलं नाही असं समजायचं.

पेणच्या मुख्य लॅबमधून साहेबांनी फोनवर सुचवलं, "स्टाफमधल्या कुणाचं तरी दे ना!"

स्टाफ म्हणजे आम्ही तिघं. एकाला दमा, एकीला थायरॉइड, मला शुगर. "मग तुम्हीच द्या, सर," मी म्हटलं. साहेब बीपीच्या गोळीवर! लोकांचं आरोग्य तपासणाऱ्या अख्ख्या लॅबमध्ये एक माणूस धड निघेना.

शेवटी हिराबाईची शेजारीण आपल्या शाळकरी पोरीला, दुर्वाला, घेऊन आली. "दोन थेंबांनी काय व्हतंय गो, हिरा," म्हणाली. दुर्वाला तसं वाटत नव्हतं. सुई बघूनच तिने भोकाड पसरलं.

*

पहिल्या वेळी नळ्यांचा डबा घेऊन हिराबाई स्वतःच एसटीने मुंबईला निघाली. "थंड करायचं नाही," असं मी तिला बजावलं होतं. पण मे महिना, बसमध्ये भट्टी. पेणच्या स्टँडवर उतरून तिने बर्फ विकत घेतला आणि डब्यात ठासून भरला.

संध्याकाळी मुंबईहून फोन आला, दोन्ही नळ्यांतल्या पेशी मेल्यात.

दुसऱ्या दिवशी हे ऐकून हिराबाईने विचारलं, "येवडा बर्फ घातला तरी, मॅडम?"

जन्मभर माल जपला तसाच तिने पोराचा जीव जपला होता. तिच्यावर ओरडायला मला जमलं नाही.

*

दुसऱ्या वेळी आमचा ड्रायव्हर घरत नळ्या घेऊन निघाला. नेमके गणपती तोंडावर. पेणजवळ मूर्तींच्या ट्रकांची ही लांब रांग! साहेब फोनवर कावले, "हॉर्न मार, पुढे काढ!"

"बाप्पाला हॉर्न कसा मारू, साहेब?"

तो पोचला तेव्हा मुंबईची लॅब बंद झाली होती. सकाळी बघितलं तर पेशी कामाच्या राहिल्या नव्हत्या. साहिल तेव्हा पुन्हा ॲडमिट होता, आणि घरत रोज आम्हाला त्याचीच खबर विचारायचा.

*

तिसऱ्या वेळी शेजारीण दुर्वाला शाळेआधीच घेऊन आली. शीर सापडेना, पोरगी फार रडली. तिच्यामागून साहिलला घेऊन हिराबाई यायची होती. बराच वेळ वाट बघून घरत गाडी घेऊन खाडीकडे त्यांच्या गावी गेला आणि एकटाच परत आला. घरातून निघता निघता साहिलला धाप लागली होती. दवाखाना गाठेपर्यंत तो राहिला नाही.

दुर्वाची नळी रॅकमध्ये तशीच राहिली. फेकायलाच हवी होती, पण कुणाचा हात धजेना.

दिवसकार्य उरकल्यावर हिराबाई लॅबमध्ये आली. मी खुर्ची दिली, ती बसली नाही. रॅककडे बघत तिने विचारलं, "ही दुर्वाचीच ना?"

"हो."

"मंग तिचा रगत तिला परत द्या, मॅडम. लय रडली व्हती पोर."