आबांचा तळहात

साताऱ्याच्या सभागृहात आज शिष्येनं तानपुऱ्याची गवसणी काढली आणि लाखेच्या पॉलिशचा तो जुना वास आला.

सांगलीतल्या माझ्या पहिल्या मैफलीला हाच तानपुरा होता. मी पडद्यामागे तारा जुळवत होते. तेवढ्यात माझे वडील, आबा, आत आले. तोफखान्यातल्या नोकरीत त्यांचे कान गेलेले. शेजारी मांडी घालून त्यांनी भोपळ्यावर तळहात ठेवला.

"अहो, हात काढा, आवाज दबतोय!" गुरुजी ओरडले. आबांना कुठलं ऐकू यायला! मी खूण केली, तसे म्हणाले, "ऱ्हाऊ दे की गं वाईच. मला तुजं गाणं हितनंच कळतंय."

तेव्हा मला त्यांची नुसती कीव आली होती.

गेल्या पावसाळ्यापासून माझेच कान दगा देतायत. कुणाला सांगितलेलं नाही. कार्यक्रम घेतेच आहे. आज शिष्येनं तारा छेडल्या, पण खर्जाची तार मला ऐकूच आली नाही. माझा हात आपसूक भोपळ्यावर गेला आणि खर्ज तळव्यातून मनगटापर्यंत चढला.

पोरीचे ओठ हलले. "बाई, आवाज दबतोय," असंच म्हणाली असणार.

पडदा सरकू लागला, तरी मला हात काढवेना.