माझ्या डब्यातली पहिली गोळी

"वहिनी, जरा येता का? ही उठत नाहीये." समोरच्या दारातून भालचंद्र भाऊजींनी हाक मारली तेव्हा दुपारचे तीन वाजले होते आणि मी तांदूळ निवडत होते. आमच्या दोन दारांत चार पावलांचं अंतर. ती चार पावलं मी दीड वर्षात टाकली नव्हती. सुलभा, त्यांची बायको, खाटेवर कुशीला वळून निजली होती. उशाशी तिचीच एक जुनी साडी, फॉल अर्धा लावलेला, सुई त्यातच टोचलेली. हाताला हात लावला आणि कळलं. त्याला आता सहा आठवडे झाले.

जोगेश्वरीच्या आमच्या सोसायटीत आम्ही दोघी एकाच महिन्यात राहायला आलो. ती मालवणची, मी गिरगावात वाढलेली. पहाटे दुधाच्या केंद्रावर दोन्ही घरांची कार्डं घेऊन तीच उभी राहायची, माझ्या दोन बाटल्या दाराशी ठेवायची आणि कडी वाजवून निघून जायची. दिवसभर आमची दारं उघडीच असत. ती साड्यांना फॉल-बिडिंग करून द्यायची, टाका असा की उलट बाजूनेही शोधावा लागे. आणि माझ्याकडे होता तो डबा… बिस्किटांचा, चौकोनी, पत्र्याचा. घरात उरलेली सगळी औषधं त्यात. औषध टाकू नये, कुणाच्या तरी कामी येतं, ही सासूबाईंची शिकवण. कुणाचं डोकं दुखो, पोट बिघडो, बिल्डिंगमधली माणसं आधी माझ्याकडे येत. मला 'डॉक्टरीणबाई' म्हणत. चेष्टेनं म्हणत, पण मला ते आवडायचं, खोटं कशाला सांगू.

माझे सासरे कॅन्सरनं गेले तेव्हा त्यांच्या वेदनांवरच्या गोळ्यांच्या सहा पट्ट्या उरल्या. त्याच सुमारास सुलभा जिन्यावरून घसरली आणि तिच्या कमरेत सणक भरली. मी डबा काढला. "मामंजींना एवढ्या दुखण्यात यानं झोप लागायची, तुझी कंबर म्हणजे किस झाड की पत्ती," असं म्हणून एक पट्टी तिच्या हातावर ठेवली. आठ दिवसांनी ती पुन्हा आली, मग दर दोन-तीन दिवसांनी येऊ लागली. अजून दुखतं का गं, असं विचारलं तर हसली. "कंबरेपेक्षा जिवाक बरा वाटता गो नलू. नायतर सकाळी उठान करूचा काय, ताच कळणा नाय."

माझ्या मैत्रिणीनं मला आपलं खरं दुखणं सांगितलं होतं. मी म्हटलं, "चला, मामंजींच्या गोळ्या वाया नाही गेल्या."

पट्ट्या संपल्यावर त्याच गोळ्यांसाठी तिनं आधी डॉक्टर बदलले, मग औषधांची दुकानं बदलली. दिवसा पेंगायची, टाके लांब पडू लागले. माझ्या एका साडीचा फॉल सुटून पायात आला तेव्हा मी तो उसवून दुसरीकडून लावून घेतला आणि मुद्दाम तिच्यासमोर ती साडी नेसून गेले. एवढी मी मानी. मग एका सकाळी बाजारातून परत येते तो ही माझ्या घरात, स्टुलावर उभी, डबा उघडा. "एकच व्हयी होती गो…" एवढंच म्हणाली. मी तिला काही बोलले नाही. बोलले नंतर, जिन्यात, तिसऱ्या मजल्यावरच्या बाईंशी… घरात काही उघडं ठेवू नका म्हणून. दोन दिवसांत सगळ्या बिल्डिंगची दारं तिला बंद झाली, साड्या येईनाशा झाल्या. माझं दार सगळ्यांच्या आधी बंद झालं. माझ्या दुधाच्या बाटल्या मात्र ती शेवटपर्यंत आणून ठेवत होती. फक्त कडी वाजवायची नाही.

तेराव्याला भाऊजी माझ्याकडे येऊन बसले. म्हणाले, "वहिनी, डॉक्टर म्हणतात ती अफूच्या जातीची गोळी. सवय लागली की तो आजारच, माणसाच्या हातात काही राहत नाही. आणि मी तिला लबाड म्हणत होतो. मला एकच कळत नाही, हिला ती पहिल्यांदा दिली कुणी?"

मी म्हटलं, "चहा ठेवते."

चहा पिऊन ते उठले आणि दारातून मागे वळून म्हणाले, "तुम्ही होतात म्हणून तिला सुरुवातीला तरी आधार होता." मला त्या क्षणी स्वतःची किळस आली. तरीही मी मान हलवली आणि कपबशी विसळायला गेले.

डबा मी रिकामा केला आहे, फेकवत मात्र नाही. परवा तळमजल्यावरच्या काकू डोकं दुखतं म्हणून आल्या आणि सवयीनं माझा हात कपाटावर गेला. तो तसाच खाली घेतला आणि त्यांना दवाखान्यात जायला सांगितलं. सुलभा असती तर यावर खूप हसली असती.

भाऊजी रविवारची पुरवणी पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचतात, हे मला ठाऊक आहे. तोंडानं सांगायचं धाडस झालं नाही, म्हणून इथे लिहिलं. हे छापून येईल त्या रविवारी मी डबा समोर घेऊन बसलेली असेन. भाऊजी, कडी वाजवू नका. दार उघडंच असेल.