हातात दिलेला फेटा

पाटलाचा फेटा त्याच्या डोक्यावर बांधला गेला. माझा माझ्या हातात दिला गेला.

सत्तरच्या दशकातली गोष्ट. मंगळवेढ्याजवळच्या आमच्या गावात, शाळेच्या पटांगणात, दोघा शिपायांचा सत्कार होता. धाकट्या पाटलाचा आणि माझा. आम्ही एकाच पलटणीत होतो. ब्रिगेडची स्पर्धा जिंकून रजेवर आलो होतो. सरपंचांनी पाटलाच्या कपाळावरून पहिला वेढा घेतला, तुरा काढला, शेमला पाठीवर सोडून हाताने नीट बसवला. मग माझ्यापुढे आले. गुलाबी कापडाची घडी त्यांनी वरूनच माझ्या ओंजळीत सोडली.

"ह्यो तुमचा. तुमी तुमचं बांधून घ्या की."

मागून कोणीतरी ओरडले, "मिलिटरीत फेटा बांधाया शिकवत न्हाईत व्हय?"

पटांगण हसले. आमच्या बौद्धवाड्यातली माणसे कडेला उन्हात उभी होती. ती हसली नाहीत.

गावात आज ही हकिकत वेगळी सांगतात. मला फेटा बांधता येईना म्हणून मी चिडलो. तो मातीत भिरकावला. आणि स्पर्धेत म्हणे पाटलानेच मला पाठीवर वाहून आणले होते. तिन्ही गोष्टी खोट्या आहेत.

स्पर्धा अशी होती. पाठीवर भरलेला पिट्ठू, हातात रायफल, लांबची दौड. वाटेत नेमबाजी, भिंती, खंदक. तुकडीतला शेवटचा माणूस रेघ ओलांडेपर्यंत तुकडीची दौड संपत नसे. शेवटच्या खंदकात पाटलाचा घोटा मुरगळला. मी त्याला पाठीवर घेतले. त्याचे तोंड माझ्या कानाशी होते.

"सोडू नगंस मला, भावा."

रेघेपर्यंत तो हेच म्हणत होता. भावा. त्याचा घाम माझ्या मानेवरून छातीवर उतरत होता. पलीकडे पोहोचल्यावर माझ्या बाटलीतले उष्टे पाणी तो घटाघटा प्यायला. मला वाटले, आपण नुसती चुन्याची रेघ ओलांडलेली नाही.

म्हणून त्या पटांगणात मी त्याच्याकडे पाहिले. त्याचा एक शब्द पुरे होता.

"घे की रं," तो म्हणाला. "कशाला तमाशा करतुयास?"

'रं' दोस्तांतही चालते. पण हा आवाज दोस्ताचा नव्हता. त्याचे वडील माझ्या वडिलांना ज्या आवाजात हाक मारत, तो होता.

मी घडी मोडली नाही. टेबलावर, हारांच्या शेजारी, सरळ ठेवली. भिरकावली नाही. शिपाई होतो मी.

"सरपंच," मी म्हणालो, "ह्याला पाठीवर घेतलं तवा माझं अंग चाललं. आता तुमचा हात कुटं अडतोय?"

आणि मी पटांगणाबाहेर पडलो. एस.टी.च्या थांब्यापर्यंत मी एकटा चालत गेलो. बौद्धवाड्यातलेही कोणी सोबत आले नाही. त्यांना त्याच गावात राहायचे होते. पलटणीत परतल्यावर पाटील आणि मी एकाच बराकीत झोपत राहिलो. भावा हा शब्द त्याने पुन्हा उच्चारला नाही. मीही तो ऐकून घेतला नसता.

आता पाटील वारला. बायको गेल्यापासून सोलापुरात मी एकटाच राहतो. परवा त्याचा मुलगा खोलीवर आला. बापाच्या स्मरणार्थ त्याच पटांगणात कार्यक्रम आहे.

"काका, आता तसलं काय बी न्हाय. फेटा मी माझ्या हातानं बांधतो तुमाला. फकस्त जुनं काढू नका."

म्हणजे तेव्हा फेटा दिला तो हात आखडून. आता देणार तो माझे तोंड बांधून.

मी त्याला चहा पाजला. येईन म्हणालो. फेटा आणू नकोस म्हणालो. पलटणीची टोपी सोडली तर हे डोके त्या दिवसापासून उघडे आहे, मुलीच्या लग्नातही उघडेच होते. तसाच त्या पटांगणात उभा राहीन आणि कोणी कोणाला वाहून आणले ते सांगेन. माइक काढून घेतला तर माइकवाचून सांगेन. कवायतीच्या मैदानावर शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोहोचवायला मी शिकलेलो आहे.