रडवेला ड्रॅगन

बाइंडिंगवाल्या मावशींनी चाळीस वर्षं पुस्तकं बांधली, पण मुखपृष्ठ कसं वाटलं हे त्यांना कधी कुणी विचारलं नव्हतं. त्यामुळे लेखकांनी स्वतःच छापलेल्या अद्भुतरम्य कादंबऱ्यांच्या मुखपृष्ठ स्पर्धेसाठी वाचनालयाने त्यांना परीक्षक नेमलं, तेव्हा त्या आधी हसल्याच.

टेबलावर तेवीस पुस्तकं होती, बहुतेकांवर आग ओकणारे ड्रॅगन. मावशी एकापाशी थबकल्या.

“हा बघा, रडवेला झालाय. का ते वाचावंसं वाटतं.”

दुसरे परीक्षक, चित्रकलेचे सर, चष्मा पुसून बघत राहिले. “खरंच की हो!”

पहिलं बक्षीस त्यालाच मिळालं. लेखिका पेशाने नर्स होती. ती बिचकतच म्हणाली, “चित्र मीच काढलंय. सगळे म्हणाले, जरा भेसूर कर.”

मावशींनी तिचा हात हातात घेतला. “काही करू नकोस, पोरी. छान रडतोय तो.”